खोलीपेक्षा थाळी महाग: नव्या केंद्रीय कर्मचाऱ्याच्या प्रशिक्षणभत्त्याचे आणि मुक्कामाचे परीक्षण

केंद्र सरकारच्या नोकरीत नव्याने रुजू झालेल्या कर्मचाऱ्याला पहिल्या काही महिन्यांत प्रशिक्षणासाठी परगावी पाठवतात, तेव्हा त्याचा प्रवास, मुक्काम आणि जेवण यांचा खर्च उचलणारी भत्त्यांची एक व्यवस्था कामाला लागते. तिच्याकडे आपण नियमावलीतला एक रुक्ष भाग म्हणून पाहतो, पण हॉटेलचे किंवा प्रवासी कंपनीचे परीक्षण करताना जे प्रश्न आपण विचारतो, म्हणजे पैसे वेळेवर मिळतात का, सांगितले तेवढे मिळते का, अडचणीत कोणी दाद देते का, ते सगळे इथेही विचारता येतात आणि विचारायला हवेत. कर्मचारी निवड आयोगाच्या पदवीस्तर परीक्षेतून आलेली, मुंबई मुख्यालय (म्हणजे नेमणुकीचे ठरलेले ठिकाण) असलेली आणि दिल्लीला प्रशिक्षणासाठी गेलेली वेतनस्तर (पगाराची सरकारी पायरी) ७ची कर्मचारी या नात्याने मी हे परीक्षण लिहीत आहे. त्यात खात्याचे, प्रशिक्षण संस्थेचे आणि हॉटेलचे नाव मुद्दामच दिलेले नाही.

आधी दर पाहू, कारण पुढचे सगळे त्यांच्याभोवती फिरते. सातव्या वेतन आयोगाच्या शिफारशींनंतर अर्थ मंत्रालयाच्या व्यय विभागाने १३ जुलै २०१७ रोजी जे ज्ञापन काढले, त्यानुसार वेतनस्तर ६ ते ८ मधील कर्मचाऱ्याला दौऱ्यावर हॉटेलसाठी दिवसाला ७५० रुपयांपर्यंत, शहरातल्या शहरात फिरण्यासाठी २२५ रुपयांपर्यंत आणि जेवणासाठी ८०० रुपये मिळतात. वेतनस्तर ५ आणि त्याखालच्यांना हेच आकडे अनुक्रमे ४५०, ११३ आणि ५०० असे आहेत. महागाई भत्ता ५० टक्क्यांवर गेला की हे दर २५ टक्क्यांनी वाढतील, अशी तरतूद त्याच ज्ञापनात आहे. १ जानेवारी २०२४ पासून महागाई भत्ता ५० टक्के झाला, त्यामुळे माझ्या स्तरासाठी आता खोलीचे ९३७ रुपये ५० पैसे, फिरण्याचे २८१ रुपये २५ पैसे आणि जेवणाचे १,००० रुपये असा हिशेब होतो. प्रशिक्षण हे दौऱ्यासारखेच धरले जात असल्याने हेच दर तिथेही लागू होतात.

हे आकडे शेजारी शेजारी मांडले की पहिली गोष्ट डोळ्यांत भरते ती अशी की, सरकारच्या हिशेबी माझ्या एका दिवसाच्या जेवणाला एका रात्रीच्या खोलीपेक्षा जास्त पैसे लागतात. भारतातल्या कोणत्याही शहरात बाहेर राहिलेल्या माणसाला हे उलटे आहे हे सांगावे लागत नाही. हे कसे घडले ते पाहण्यासारखे आहे. सहाव्या वेतन आयोगानंतर २००८ साली जे दर आले, त्यांत ४,२०० ते ४,८०० ग्रेड पेच्या कर्मचाऱ्याला, म्हणजे आजच्या स्तर ६ ते ८च्या माणसाला, खोलीसाठी ५०० आणि जेवणासाठी १५० रुपये होते. त्या प्रमाणात काहीतरी व्यवहार होता. २०१७च्या ज्ञापनात खोलीचा आकडा ७५० आहे, म्हणजे २००८च्या दीडपट, आणि जेवणाचा मात्र ८००, म्हणजे २००८च्या पाचपटीहून अधिक. जेवणाच्या वाढीबद्दल तक्रार करण्याचे काहीच कारण नाही, कारण १५० रुपयांत परगावी दोन वेळा जेवणे २००८ मध्येही अवघडच होते. पण हॉटेलांचे भाडे नऊ वर्षांत फक्त दीडपट झाले असे कोणत्या शहराकडे पाहून ठरवले, हे त्या आकड्यांवरून कळत नाही.

याहून बोचणारी गोष्ट वेतनस्तर ८ आणि ९ यांच्या सीमेवर आहे. स्तर ९ ते ११ मधील कर्मचाऱ्याला २०१७च्या दराने खोलीसाठी २,२५० रुपये आणि जेवणासाठी ९०० रुपये मिळतात. म्हणजे एक पायरी वर गेले की भूक शंभर रुपयांनी वाढते आणि झोप तिप्पट महाग होते. अधिकाऱ्याला बरी खोली मिळू नये असे माझे म्हणणे मुळीच नाही. एकाच शहरात, एकाच प्रशिक्षणासाठी आलेल्या दोन माणसांना बाजारात खोली एकाच भावाने मिळते, एवढेच म्हणायचे आहे.

आठ महानगरांसाठी एक सवलत आहे आणि ती फार थोड्या नव्या लोकांना ठाऊक असते. ‘एक्स’ वर्गातील शहरांत, म्हणजे मुंबई, दिल्ली, कोलकाता, चेन्नई, बंगळुरू, हैदराबाद, अहमदाबाद आणि पुणे इथे, स्तर ८पर्यंतच्या सर्व कर्मचाऱ्यांसाठी खोलीची मर्यादा १,००० रुपये आहे, जी २५ टक्के वाढीनंतर १,२५० होते. अट एवढीच की पावती जोडावी लागते. इतर शहरांत स्तर ८पर्यंतच्या कर्मचाऱ्याला मुक्कामाचा कालावधी आणि जागेचे नाव लिहून स्वतःच्या सहीने केलेला दावा पुरतो, पावतीची सक्ती नाही. या तरतुदीतला विश्वास मला मनापासून आवडला. मात्र महानगरांच्या सवलतीचा फायदा नव्या कर्मचाऱ्याला किती होतो ते प्रशिक्षण कुठे आहे यावर ठरते, आणि बरीच प्रशिक्षण केंद्रे महानगरांत नाहीत. टपाल खात्याचीच उदाहरणे घ्यायची तर वडोदरा, म्हैसूर, मदुराई, सहारनपूर, दरभंगा, गुवाहाटी अशी त्यांची यादी आहे. तिथे जाणाऱ्या वेतनस्तर ४च्या टपाल सहायकाला वसतिगृहात जागा मिळाली तर प्रश्नच नाही, पण एखादी रात्र बाहेर काढायची वेळ आली तर त्याच्या हाती खोलीसाठी ५६२ रुपये ५० पैसे असतात. त्याला त्या पैशांत स्टेशनजवळची एखादी लॉज मिळेलही, पण तिच्यात राहून दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला वर्गात ताज्या डोक्याने बसण्याची अपेक्षा करू नये.

आता दिल्लीतल्या मुक्कामाविषयी. संस्थेच्या वसतिगृहात आधीची तुकडी असल्यामुळे आमच्या तुकडीतल्या काही जणांना सुरुवातीला बाहेर सोय करून घ्यावी लागली. आदेशात तेवढेच लिहिले होते. कुठे राहावे, कोणत्या हॉटेलशी काही करार आहे का, स्त्री प्रशिक्षणार्थींसाठी वेगळी काही व्यवस्था आहे का, याबद्दल एक ओळही नव्हती. १,२५० रुपयांत करोल बागेत खोल्या मिळतात आणि पहाडगंजमध्ये तर त्याहून स्वस्तही मिळतात, पण एकट्या बाईने बॅग घेऊन त्या गल्ल्यांत जिना चढून, खोलीच्या दाराची कडी आतून नीट लागते का हे तपासत फिरावे, यासाठी ही व्यवस्था केलेली नसावी असे मानायला मला आवडेल. आम्ही दोघींनी, म्हणजे मी आणि माझ्याच तुकडीतल्या सांगलीच्या मैत्रिणीने, जो मार्ग काढला तो सगळ्यांना सुचवते: दोघींनी मिळून एक खोली घेतली. दोघींच्या मर्यादा एकत्र केल्या की २,५०० रुपये होतात आणि त्या भावात करोल बागेत मेट्रो स्थानकापासून चालत जाता येईल अशी, लिफ्ट असलेली, स्वागतकक्षात रात्रभर माणूस असलेली, कुटुंबे उतरतात अशी जागा मिळते.

ते हॉटेल चांगले होते, पण त्याचे गुण आणि दोष सरकारी कामासाठी आलेल्या माणसाच्या नजरेने पाहिले पाहिजेत. खोली लहान, दोन स्वतंत्र पलंग, स्वच्छ चादरी, सकाळी गरम पाणी बिनतक्रार. खिडकी शेजारच्या इमारतीच्या भिंतीकडे उघडत असल्यामुळे दिवसाही दिवा लावावा लागे, पण आम्ही दिवसभर वर्गातच असल्याने त्याचे फारसे काही वाटले नाही. टेबल एकच आणि तेही आरशाखालचे, त्यामुळे गृहपाठ आणि टिपणे पलंगावर बसून करावी लागत. नाश्ता भाड्यात होता आणि तो रोज पराठा-लोणचे-दही असाच होता. पहिले काही दिवस बरे वाटते, मग पोह्यांची आठवण येऊ लागते. दुपारी बारा ते दुपारी बारा असा दिवस मोजण्याची पद्धत मात्र प्रशिक्षणार्थीला गैरसोयीची आहे, कारण मुंबईहून संध्याकाळी सुटणारी राजधानी सकाळी साडेआठच्या सुमाराला पोहोचते आणि त्या वेळी खोली हवी असेल तर आदल्या रात्रीचे भाडे किंवा त्याचा काही भाग मागितला जातो. आम्हाला सामान ठेवून हातपाय धुण्यापुरती जागा दिली गेली, ते त्यांचे सौजन्य.

खरी परीक्षा बिलाच्या वेळी असते. सरकारी दाव्यासाठी पक्के बिल लागते, म्हणजे ज्यावर हॉटेलचे नाव, वस्तू व सेवा कर क्रमांक, राहणाऱ्याचे नाव, तारखा आणि दर हे सगळे असते. दोघांनी खोली वाटून घेतली असेल तर बिल दोघांच्या नावे वेगवेगळे, अर्ध्या-अर्ध्या रकमेचे हवे. आमच्या हॉटेलच्या व्यवस्थापकाने हे पहिल्याच दिवशी मान्य केले आणि शेवटच्या दिवशी न कुरकुरता करूनही दिले, म्हणून माझ्या लेखी त्याचे गुण वाढले. आमच्याच तुकडीतल्या दुसऱ्या एका जोडीने मोबाइलवरच्या ॲपमधून खोली घेतली होती, आणि त्यांना बिल मिळाले ते ज्याने खोली नोंदवली त्याच्या एकट्याच्या नावे. दुसऱ्याकडे दाव्याला जोडायला कागदच उरला नाही आणि महानगर असल्याने स्वतःच्या सहीचा दावा चालत नव्हता. कराचे म्हणाल तर १,००० रुपयांपर्यंतच्या खोल्यांना असलेली सूट जुलै २०२२ मध्ये गेली आणि सप्टेंबर २०२५ पासून ७,५०० रुपयांपर्यंतच्या खोल्यांवर ५ टक्के दर आला, त्यामुळे भाव विचारताना करासकट किती होतील हे विचारावे, नाहीतर शेवटच्या दिवशी मर्यादेच्या काठावरची खोली मर्यादेबाहेर गेलेली असते.

जेवणाच्या बाबतीत या व्यवस्थेला मी जवळजवळ पूर्ण गुण देईन. २०१७पासून जेवणाच्या बिलांची प्रतिपूर्ती बंद होऊन ठोक रक्कम आली आणि कोणतीही पावती लागेनाशी झाली. ज्यांनी पूर्वी ढाब्यावरच्या कच्च्या पावत्या जमा करून कागदाला चिकटवल्या असतील त्यांनाच या सुधारणेची खरी किंमत कळेल. रक्कम मुख्यालयापासून दूर असलेल्या वेळेवर ठरते: मध्यरात्र ते मध्यरात्र असा एक दिवस धरतात, त्यातले ६ तासांपर्यंत बाहेर असाल तर ३० टक्के, ६ ते १२ तास असाल तर ७० टक्के आणि १२ तासांपेक्षा जास्त असाल तर पूर्ण रक्कम. म्हणजे संध्याकाळी पाचला मुंबई सेंट्रलहून गाडी सुटली तर त्या दिवसाचे सात तास भरतात आणि १,००० पैकी ७०० रुपये मिळतात. तीच गाडी रात्री आठची असती तर ३०० रुपयांवर समाधान मानावे लागले असते. नियम स्वच्छ आहे, हिशेब कोणीही करू शकतो, आणि त्यात बाबूच्या मर्जीला जागा नाही.

हजार रुपयांत दिल्लीत माणूस उत्तम जेवतो. कार्यालयीन इमारतींच्या उपाहारगृहांत दुपारचे जेवण स्वस्त असते, संध्याकाळी करोल बागेत छोले-भटुऱ्यांपासून दक्षिण भारतीय थाळीपर्यंत सगळे मिळते, आणि ज्वारीच्या भाकरीची आठवण अनावर झाली की कस्तुरबा गांधी मार्गावरच्या नव्या महाराष्ट्र सदनाचे उपाहारगृह आहे. शनिवारी तिकडे जाणे हा आमच्या तुकडीतल्या मराठी मंडळींचा नेम झाला होता. एक बाब मात्र ध्यानात ठेवावी: शनिवार-रविवारी प्रशिक्षणाच्या गावीच थांबलात तर त्या दिवसांचा भत्ता मिळतो, नैमित्तिक रजा टाकून घरी गेलात तर त्या दिवसांचा मिळत नाही. प्रशिक्षण लांबलचक असेल तर मर्यादा १८० दिवसांची आहे, त्यापुढे दैनिक भत्ता थांबतो.

शहरातल्या प्रवासाबद्दल थोडक्यात सांगता येईल. दिल्लीत मेट्रोचे एका फेरीचे कमाल भाडे २०२५च्या वाढीनंतरही, विमानतळ मार्गिका सोडली तर, ६४ रुपये आहे, त्यामुळे २८१ रुपयांत जाणे-येणे होऊन वर स्थानकापासून रिक्षा करता येते. मेट्रो नसलेल्या गावात, किंवा संस्था शहराबाहेर असेल तिथे, हीच रक्कम एका बाजूच्या टॅक्सीलाही पुरत नाही. याच ज्ञापनात पायी चाललेल्या अंतरासाठी किलोमीटरला १२ रुपये अशीही एक तरतूद आहे, जी वाढून १५ होते. ती वापरणारा कर्मचारी अजून माझ्या पाहण्यात आलेला नाही. कोणी असेल तर त्याच्या चिकाटीला नमस्कार.

या सगळ्या दरांच्याही आधी एक पायरी आहे आणि नवा माणूस नेमका तिच्यावर अडखळतो. पहिल्या नेमणुकीवर रुजू होण्यासाठी केलेल्या प्रवासाचा भत्ता सर्वसाधारणपणे मिळत नाही. लातूरच्या उमेदवाराला दिल्लीच्या कार्यालयात नेमणूक मिळाली तर लातूर ते दिल्ली हे तिकीट त्याचे त्यानेच काढायचे. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, दौऱ्याचा भत्ता मुख्यालयापासून दूर असण्याचा आहे. ज्याला आधी कार्यालयात रुजू करून घेऊन, मुख्यालय ठरवून, नंतर कार्यमुक्तीचा आदेश देऊन प्रशिक्षणाला पाठवले, त्याला तो मिळतो; ज्याचे मुख्यालय आणि प्रशिक्षण एकाच शहरात आहे, त्याला मिळत नाही. केंद्रीय सचिवालय सेवेत थेट भरती झालेल्या सहायक कक्ष अधिकाऱ्यांचे पायाभूत प्रशिक्षण दिल्लीत जुन्या जेएनयू परिसरातल्या सचिवालय प्रशिक्षण व व्यवस्थापन संस्थेत होते आणि त्यांची कार्यालयेही दिल्लीतच असतात. त्यामुळे घरापासून चौदाशे-पंधराशे किलोमीटर दूर आलेला मराठी मुलगा नियमाच्या दृष्टीने आपल्या मुख्यालयातच असतो, आणि पहिल्या महिन्यातले भाडे, अनामत आणि गादी-उशीपर्यंतचा खर्च त्याच्या घरच्यांच्या खिशातून होतो. नियम तर्काला धरून आहे, हे मी नाकारत नाही. पण नियुक्तीपत्राबरोबर हे साध्या भाषेत कळवले, तर घरून किती पैसे घेऊन निघायचे याचा अंदाज तरी येईल.

आणि इथेच या व्यवस्थेचा सर्वांत मोठा दोष येतो. ती आधी खर्च करा आणि मग मागा, या तत्त्वावर चालते. अनुभवी कर्मचाऱ्याला ते जड जात नाही. नव्या कर्मचाऱ्याचा मात्र पहिला पगारच लांबलेला असतो, कारण निवृत्तिवेतन योजनेचा क्रमांक मिळणे, बँक खाते प्रणालीत नोंदवले जाणे, वैद्यकीय आणि चारित्र्य पडताळणीचे कागद पोहोचणे यात आठवडे जातात, आणि तेवढ्यात प्रशिक्षणाचा आदेश हातात पडतो. वेतनस्तर ७चे मूळ वेतन ४४,९०० रुपये आहे हे खरे, पण ते खात्यात जमा होण्याआधी दिल्लीचे द्वितीय श्रेणी वातानुकूलित तिकीट, हॉटेलचे आगाऊ पैसे आणि रोजचे जेवण यांचा भार उचलायचा असतो. आमच्या तुकडीत एकाने वडिलांकडून, एकीने भावाकडून आणि एकाने चक्क आपल्या स्पर्धा परीक्षेच्या वर्गातल्या मित्राकडून उसने पैसे आणले होते.

या अडचणीवर उपाय नियमांतच आहे आणि तो म्हणजे प्रवासभत्त्याचा अग्रिम. दौऱ्यासाठी निघण्यापूर्वी अंदाजे खर्चाइतकी रक्कम आगाऊ मागता येते आणि परत आल्यावर १५ दिवसांत तिचा हिशेब द्यावा लागतो. हे मला कोणत्याही आदेशाने सांगितले नाही, लेखा शाखेतल्या एका ज्येष्ठ मॅडमनी, मी कार्यमुक्तीच्या पत्रावर शिक्का घ्यायला गेले असताना, “अग्रिमाचा अर्ज दिलास का गं?” असे सहज विचारले, म्हणून कळले. त्यांनी कोरा अर्ज दिला, कुठे काय लिहायचे ते दाखवले आणि निघण्याच्या आदल्या दिवशी पैसे खात्यात आले. माझ्याच बरोबर रुजू झालेल्या, पण दुसऱ्या कार्यालयातल्या सहकाऱ्यांना मात्र “परिविक्षाधीन माणसाला (म्हणजे अजून प्रोबेशनवर असलेल्याला) अग्रिम देत नाही” असे तोंडी सांगून परत पाठवले गेले. तोंडी नकार मिळाला तर अर्ज आवक शाखेत देऊन पोच घ्यावी. लेखी अर्जाला लेखी उत्तर देण्याची वेळ आली की कार्यालयांचा सूर पुष्कळदा बदलतो.

दाव्याची प्रक्रिया त्या मानाने ठीक आहे. परत आल्यावर जी.ए.आर. १४-ए या नमुन्यातले देयक भरायचे, सोबत प्रशिक्षणाचा आदेश, कार्यमुक्ती आणि रुजू अहवाल, संस्थेचे हजेरी प्रमाणपत्र, रेल्वेचे तिकीट आणि हॉटेलचे बिल जोडायचे. मुदत प्रवास संपल्यापासून ६० दिवसांची आहे. २०१८च्या मार्चपर्यंत ती वर्षभराची होती, त्यामुळे कार्यालयातले जुने लोक अजूनही “आहे की वेळ, भर सावकाश” असे प्रेमाने सांगतात, त्यांचे ऐकू नये. अग्रिम घेतला असेल तर १५ दिवसच आहेत. माझ्या देयकावर एकच आक्षेप आला, तो राजधानीची सुटण्याची वेळ न लिहिल्याबद्दलचा, आणि तो रास्त होता, कारण त्या वेळेवरच ३० की ७० टक्के हे ठरते. पैसे पुढच्या महिन्यात जमा झाले.

वसतिगृहाबद्दलही लिहायला हवे, कारण नंतर तिथे जागा मिळाली आणि हॉटेल सुटले. एका खोलीत दोघी, प्रत्येकीला वेगळे टेबल आणि कपाट, भोजनकक्षात ठरलेल्या वेळी साधे जेवण, रात्री अभ्यासिका उघडी. सुखसोयी हॉटेलपेक्षा कमी होत्या, तरी प्रशिक्षणासाठी ती जागा कितीतरी बरी होती. संध्याकाळच्या चर्चा तिथे होतात. वर्गात न समजलेला वित्तीय नियमांचा भाग रात्री जेवणानंतर ओडिशाच्या आणि केरळच्या सहकाऱ्यांबरोबर बसून समजतो. जिथे राहणे-जेवण मोफत असते तिथे भत्ता कमी होतो हे मात्र आधी ध्यानात घ्यावे. जुन्या दैनिक भत्त्यात राहणे आणि जेवण दोन्ही मोफत असेल तर चौथाई, फक्त जेवण मोफत असेल तर अर्धा आणि फक्त राहणे मोफत असेल तर पाऊण, असा हिशेब होता. म्हणून संस्थेकडून बाहेर पडताना मिळणाऱ्या प्रमाणपत्रात काय मोफत होते आणि कशाचे पैसे घेतले, हे तारखांसह नेमके लिहून घ्यावे. आमच्या प्रमाणपत्रावर भोजनकक्षाचे पैसे आम्ही भरल्याचा उल्लेख सुरुवातीला नव्हता. तो घालून घ्यायला एक फेरी पडली, पण त्या एका ओळीवर प्रत्येकाचे बरेच पैसे अवलंबून होते.

हॉटेल आणि वसतिगृह यांच्याशिवाय तिसरा पर्याय संपदा संचालनालयाच्या अतिथिगृहांचा आहे, ज्यांची नोंदणी ई-संपदा या संकेतस्थळावरून होते. दर हॉटेलपेक्षा खूपच कमी आहेत, परंतु मोठ्या शहरांत जागा लवकर भरतात आणि प्रशिक्षणाचा आदेश चार-पाच दिवस आधी हातात पडणाऱ्या माणसाला तिथे जागा मिळण्याची आशा थोडीच असते.

हॉटेलला मी पाचपैकी साडेतीन देईन, वसतिगृहाला चार, जेवणाच्या भत्त्याला साडेचार आणि खोलीच्या भत्त्याला दीड. अग्रिमाच्या व्यवस्थेला गुण देणे अवघड आहे, कारण ती ज्याला मिळाली त्याच्यासाठी पाच आणि ज्याला मिळाली नाही त्याच्यासाठी शून्य आहे. न्यायमूर्ती रंजना प्रकाश देसाई यांच्या अध्यक्षतेखाली आठवा केंद्रीय वेतन आयोग नेमला गेला असून त्याला अहवालासाठी १८ महिने दिलेले आहेत. कर्मचारी संघटनांची निवेदने वेतनाच्या गुणकाने, म्हणजे जुने मूळ वेतन ज्याने गुणून नवे ठरते त्या आकड्याने, भरलेली असतात आणि दौऱ्याच्या भत्त्याचा विषय शेवटच्या पानावर ढकलला जातो. त्या पानावर तीन मागण्या याव्यात असे मला वाटते: खोलीची मर्यादा वेतनस्तराऐवजी प्रामुख्याने शहरावर ठरावी, स्तर ८ आणि ९ मधली तिप्पट उडी जावी, आणि परिविक्षाधीन कर्मचाऱ्याच्या प्रशिक्षणाच्या आदेशातच अग्रिमाची मंजुरी समाविष्ट असावी, म्हणजे त्यासाठी वेगळा अर्ज, वेगळा शिक्का आणि लेखा शाखेत एखादी कनवाळू मॅडम भेटण्याचा योग, यांची गरज उरणार नाही.